जिभेचा उपास

परवा सूनबाईनं बाजारातून चिंच आणली. प्लास्टिकची पुडी, आत वडीसारखी दाबून बसवलेली चिंच. मी आपली सवयीनं परात घेऊन बसले. बोटं आत घातली, इकडून चाचपलं, तिकडून चाचपलं, तर एक चिंचोका लागेना. म्हणलं, "अगं, ह्यातल्या बिया कुठं गेल्या?"

"मशीनवर काढतात आता, आई. तुमचा त्रास वाचला."

वाचला म्हणा. पण बोटं ऐकेनात. त्यांना ती गुळगुळीत, टणक, तांबूसकाळी बी पाहिजे होती. नव्वदीला टेकलेली बोटं ही, भाकरीचा काठ धरता येत नाही त्यांना, पण चिंचोका अजून मागतात. मी परात बाजूला सारली आणि हात धुतला तरी वास जाईना.

त्याच रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सांगितलं, येत्या बुधवारी राखेचा बुधवार. चाळीस दिवस प्रत्येकानं एकेक गोष्ट सोडायची, आवडीची, जड जाईल अशी. पाळक तरुण आहेत, नांदेडला नवे आलेत, हसून म्हणाले, निदान मोबाईल तरी सोडा. घरी जेवताना हाच विषय. लेक म्हणाला चहा. सून म्हणाली मालिका. माझी नात ग्रेस, सातवीत आहे, तिनं मला विचारलं, "आजी, तू काय सोडणार?" तिच्या बापानं घास चावता चावता सांगून टाकलं, "आजीनं बोलणं सोडावं. पण मग घर ओसाड पडंल."

सगळे हसले. मी पण हसले. मग पाण्याचं निमित्त करून उठले, आत जाऊन माठाजवळ उभी राहिले. तांब्या हातात होता. पाणी घ्यायचं राहूनच गेलं.

हा मोसम आला की माझं असं होतं. उपासाच्या मधेच होळी होऊन जाते. झाडांवरून पळस उतरत असतो, खाली वाळून पडलेली फुलं चिमणीच्या चोचीसारखी दिसतात. ज्वारी खळ्यावरून घरात आलेली असते आणि उघड्या रानातून गरम वारा असा येतो की डोळ्याच्या कडा वाळतात. आणि चिंचा. आमच्याकडं चिंचा उतरवायचे दिवस आणि आमच्या उपासाचे दिवस एकच. एकाला दुसऱ्याचा वास आहे. बाकीच्यांना चिंच म्हणलं की तोंडाला पाणी सुटतं. माझं तोंड कोरडं पडतं.

निजामाच्या राज्याची ती शेवटली वर्षं. शेवटली म्हणून तेव्हा कुणाला ठाऊक होतं? आम्हांला ते राज्य जन्मापासून होतं तसं होतं, कचेरीत उर्दू आणि घरात मराठी. उमरी स्टेशनापासून कोसभरावर आमच्या लोकांची वस्ती, पंधरावीस घरं. गावाची विहीर वेगळी, आमची वेगळी. मधोमध मिशनचं बैठं चर्च, आणि घंटेच्या जागी लिंबाच्या फांदीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो दगडानं वाजवायचा. कुणीही उठून वाजवू नये म्हणून दगड पाळकसाहेबांच्या घरात असायचा.

माझी माय बायबलबाई होती. मिशननं नेमलेली, आठ गावं तिच्याकडं. काखेत पिशवी, डोक्यावर पदर, पायांत टायरच्या चपला. बायकांत जाऊन बसायची, वाचून दाखवायची, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. ऐन तिशीत विधवा झालेली. बाबांना पटकीनं एका दिवसात नेलं तेव्हा ती रडली नाही म्हणतात. बायका म्हणाल्या, रड की ग, मोकळी हो. तर ही म्हणाली, "ज्यानं दिलं त्यानं नेलं. मन आवराया पाहिजे." ही गोष्ट आठ गावांत झाली. मायला त्या न रडण्याचा मान होता. लोक तिच्याकडं त्या मानानं बघायचे आणि ती त्या मानाला धरून चालायची, डोक्यावर घागर असल्यासारखी.

तर आमचे तेव्हाचे पाळकसाहेब, म्हातारे, भारी प्रेमळ माणूस. ते उपासाच्या काळात पोरांना एक शब्द शिकवायचे, इंद्रियदमन. आम्हांला म्हणता यायचा नाही. कुणी 'इंदरदामन' म्हणायचं, कुणी 'इंद्रायणी'. मग ते वेसणीची गोष्ट सांगायचे. बैल एवढा मोठा, वेसण एवढीशी, पण वेसण नसली तर बैल स्वतःच्याच पेंढीवर पाय देतो. "आपल्या आत बैल हाय, लेकरांनो. त्याला वेसण घाला." प्रत्येकानं आपापला बैल ओळखायचा आणि चाळीस दिवस त्याला बांधून ठेवायचा.

ह्याचा हिशोब ठेवायची आमच्या वस्तीची रीत होती. प्रत्येकाचं एक गाडगं. दिवसभर नेम पाळला की संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्यात एक चिंचोका टाकायचा. मोडला तर टाकायचा नाही, आणि खोटा टाकायचा नाही, कारण बघणारा वर आहे. रविवार धरत नसत. रविवार प्रभूच्या उठण्याचा, त्या दिवशी सगळ्यांना सूट. गूळ सोडलेला गूळ खायचा, मटण सोडलेला मटण. ईस्टरच्या सकाळी गाडगी चर्चमध्ये न्यायची आणि पाळकसाहेबांसमोर उपडी करायची. चाळीस भरले तर ते एक रंगीत चित्राचं कार्ड द्यायचे, साहेबांच्या देशातून आलेलं. त्या कार्डासाठी पोरं जीव टाकायची.

मोठेही नेम घ्यायचे. मायनं त्या साली दातांना लावायची तंबाखूची मिश्री सोडली होती. बायबलबाई मिश्री लावते हे वस्तीला ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं होतं. पहिले आठ दिवस तिचं डोकं असं ठणकलं की कपाळाला फडकं बांधून ती गावं फिरली. शेजारच्या सुंदरमावशीनं सुनेला टोमणे न मारायचा नेम घेतला. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आत्याबाई, काहीतरी बोला व, मला भ्याव वाटून राहिलं." मावशीचं गाडगं तिथंच थांबलं.

आणि मी. मी दहा वर्षांची, नाव रूथ, हाक रुते. माझा बैल सगळ्या वस्तीला ठाऊक होता. माझी जीभ.

मी चहाडखोर होते असं म्हणवत नाही, पण होते. इकडचं तिकडं नेल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही. द्वेष नव्हता हो त्यात. कुणाची गोष्ट कानात पडली की ती उड्या मारायला लागायची, निखारा ओच्यात घेतल्यासारखी. कुणी मला 'सांगू नको' म्हणलं की झालंच. माय सुद्धा ह्याचा उपयोग करायची. कुणाच्या घरी सांगवा द्यायचा आणि आपण बोलायचं नाही, असं असलं की माझ्यासमोर सुंदरमावशीला म्हणायची, "ह्ये बाहेर जाऊ देऊ नको बाई." दिवस मावळायच्या आत काम फत्ते.

माझी मोठी बहीण राहेल, मी तिला अक्का म्हणायची, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला तर ही कळ पक्की ठाऊक. लग्नाच्या आधी तिला उमरीच्या बाजारात निळ्या काचेच्या बांगड्या आवडल्या. बायबलबाईच्या पोरीनं नट्टापट्टा मागायचा नाही, मग तोंडानं कसं सांगणार? विहिरीवर मला म्हणाली, "रुते, मला त्या निळ्या बांगड्या लई आवडल्या. पण मायला सांगू नको हं, तुला माझी आण." मी घागर उतरवायच्या आत मायला सांगितलं. पुढच्या बाजाराला बांगड्या आल्या. अक्कानं हात माझ्या तोंडापुढं खुळखुळवला आणि खदखदून हसली, "तुझ्यावानी टपाल निजामाकडं बी न्हाई ग."

ती हसायची ना, तर अख्ख्या वस्तीला ऐकू जायचं. डोकं मागं टाकून, दोन्ही हात पोटावर धरून. चर्चमध्ये एकदा कुत्रं शिरलं आणि थेट पाळकसाहेबांच्या खुर्चीवर जाऊन बसलं तेव्हा ती अशी हसली की माय तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. ते हसणं आठवायचा मी अजून प्रयत्न करते. डोकं मागं गेलेलं दिसतं, हात दिसतात, दात दिसतात. आवाज येत नाही.

तिचं लग्न चाकूरकडच्या एका मास्तराशी झालं. मिशनच्या शाळेतला मास्तर, प्रार्थनाही चालवायचा. माझे दाजी. मायनं स्वतः शोधलेलं स्थळ. आवाज कधी चढायचा नाही त्यांचा. जेवताना तीन भाकरी म्हणजे तीनच, चौथी वाढली तर हात आडवा. रागावलेले कुणी पाहिले नाहीत. माय म्हणायची, "असा आवरलेला माणूस म्या माझ्या जल्मात बघितला न्हाई." तिला वाटलं, आपल्या मोकाट पोरीला वळण लावील असा नवरा मिळाला.

माझ्या जिभेच्या नेमाला कारण झालं ते सुंदरमावशी आणि पाण्याच्या टाक्याजवळची एक बाई ह्यांचं भांडण. माझ्यामुळं लागलं. झिंज्या धरल्या दोघींनी. मायनं चारचौघांत मान खाली घातली. पाळकसाहेबांनी मला जवळ बसवलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रूथ, चाळीस दिवस एकीचं बोलणं दुसरीला सांगायचं न्हाई. जमंल?" मी म्हणलं, जमंल. वस्तीत पैजा लागल्या. माय म्हणाली, "दोन दिवस काढले तरी लई झालं."

मी दोन काढले. मग दहा काढले. सांगते तुम्हांला, पहिले काही दिवस जीव गेल्यासारखा झाला, आणि मग एक गंमत कळली. न सांगण्यालाही चव असते. गोष्ट आपल्याजवळ असते आणि आपण तिला सोडत नाही. बैल ओढ घेतो आणि दोर आपल्या मुठीत. रोज संध्याकाळी चिंचोका गाडग्यात टाकला की टक् असा आवाज यायचा, आणि माय माझ्याकडं बघायची, बाबा गेल्यापासून माझ्याकडं जसं बघितलं नव्हतं तसं. त्या बघण्यासाठी मी काहीही केलं असतं.

पंधरावीस चिंचोके झाले असतील तेव्हा अक्का माहेरी आली. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नव्हतं. दाजी शाळेमुळं आले नाहीत, नंतर न्यायला येणार होते. ती गाडीतून उतरली आणि मी धावत जाऊन मिठी मारली, तर तिनं मला हळूच बाजूला केलं आणि आधी पदर सारखा केला.

घरात ती शेवटी जेवायची. दीड भाकरी. हसू आलं तर तोंडावर पदर घ्यायची, आवाज नाही. हातांत निळ्या बांगड्या नव्हत्या. सुंदरमावशी म्हणाली, "राहेल लई निवली ग." माय किती सुखावली. "बगा. किती आवरती झाली माझी लेक." हे तिनं आल्यागेल्याला सांगितलं, आणि अक्का मान खाली घालून भाकरी थापत राहायची.

एकदाच तिनं तोंड उघडलं. चुलीपुढं बसली होती, पाठ आमच्याकडं. म्हणाली, "माय, म्या आणखी दोनतीन महिने ऱ्हाऊ का?"

"कामून ग?"

"असंच. करमत न्हाई तिथं."

माय मिश्रीवाचून कावलेली, कपाळाला फडकं. म्हणाली, "करमत न्हाई म्हणून कुणी नांदणं सोडतं व्हय? मन आवरावं, बाई. म्या आवरलं न्हाई का?"

 तव्यावरची भाकरी अक्कानं उलटली आणि ती करपली. आमच्यात सासरचं उणं लेकीनं आपल्या तोंडानं मायला सांगायची रीत नव्हती. त्यातून ही बायबलबाईची लेक, आणि माय अशी, की जिनं नवरा गेला तरी डोळ्यांत टिपूस आणलं नाही. तिच्यापुढं कुठल्या तोंडानं रडणार?

मग तो सोमवार. झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा, ईस्टरला अजून दोन आठवडे होते. पाटलीणबाईंच्या मळ्यातल्या चिंचा उतरवल्या होत्या आणि आमच्या बायका त्या फोडायला जायच्या, दहा शेरांमागं एक शेर आपल्याला. त्या दिवशी माय गावांवर गेलेली. आम्ही दोघीच झाडाच्या सावलीत एका बाजूला बसलो होतो. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, दगडावर ठेवून मोगरीनं ठोकायचं, की चिंचोके सुटून उडतात. बोटांच्या चिरांत आंबट शिरून आग व्हायची. पाटलीणबाई लांबून ओरडल्या, "अगं, खाता किती न् फोडता किती?" मी हसले. अक्का मांडी घालून बसायला गेली आणि तिला बसवेना. तिनं पाय लांब केले. लुगडं गुडघ्यावरून सरकलं.

दोन्ही गुडघे काळे होते. काळ्यात बारीक बारीक खळगे. जवळजवळ, एकसारखे, जसे ओल्या मातीत काही दाबून काढावं. काही जुने, काही अजून लाल. मी एक चिंचोका उचलला आणि काय सुचलं कुणास ठाऊक, त्यातल्या एका खळग्याला लावून बघितला. बरोबर बसला.

अक्कानं माझा हात धरला. "व्हय," म्हणाली, "त्येच हाय त्ये."

मग तिनं सांगितलं. मोगरी चालूच होती, ठोके थांबले नाहीत. मास्तर मारत नाहीत, बोट लावत नाहीत. मोठ्यानं हसली, तर चिंचोक्यांवर गुडघे टेकून प्रार्थना. त्यांच्या आधी घास खाल्ला, तर चिंचोके. दर महिन्याला न्हाण आलं, की चिंचोके. किती वेळ ते ते ठरवतात, शेजारी खुर्चीवर बसून शांतपणानं वाचत असतात. "म्हणतात, तुला आवरता येत न्हाई म्हणून म्या आवरून राहिलो. मागल्या महिन्यात म्या उठले तर मला दिसंना झालं. घेरी आली. पुन्हा टेक म्हणले." ठोका. "रुते, आता तिथं गेले ना, तर म्या काही जगत न्हाई."

मोगरी थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, नीट, डोळ्यांत डोळे घालून. "मायला सांगू नको हं. तुला माझी आण हाय."

मी मान हलवली.  एवढी मोठी गोष्ट माझ्या ओच्यात आजवर कुणी टाकली नव्हती.

त्या आठवड्याचं काय सांगू. सोमवारी संध्याकाळी माय आली, मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, तोंडात शब्द तयार होते. मायनं विचारलं, "काय ग?" मी म्हणलं, "काई न्हाई." आणि चिंचोका टाकला. टक्. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. मला कळत होतं की हे सांगायला पाहिजे. नेम मोडला तर मोडला असं मनात यायचं, पण मग गाडग्याकडं नजर जायची. तीसच्या वर गेले होते. आणि मग मला युक्ती सुचली. रविवारी सूट असते. रविवारी जिभेचा उपास नाही. रविवारी चर्चमधून आल्यावर मी सगळं सांगून टाकीन, म्हणजे अक्का वाचेल आणि नेमही राहील. केवढी हुशार होते मी.

आणि अक्का रोज संध्याकाळी मायच्या तोंडाकडं बघायची. माय चपला काढताना, पाणी पिताना, जेवताना. काहीतरी शोधल्यासारखी बघायची. मला दिसत होतं, बरं का. मला वाटायचं, मी सांगितलं की काय ह्याची तिला भीती वाटते. म्हणून मी लांबूनच तिला ओठांवर बोट ठेवून दाखवायची, की फिकीर करू नको.

शनिवारी सकाळी दाजी आले.

स्टेशनावरचं मी आता सांगत नाही. ते शेवटी सांगते. आधी बाकीचं सांगून घेऊ द्या.

रविवारी आम्ही शिंदीच्या झावळ्या हातांत घेऊन चर्चभोवती फिरलो. दुपारी मला सूट होती, माय घरात होती. मी का बोलले नाही? तेव्हा मनाला सांगितलं, अक्का तर गेली, आता सांगून काय. पण तेवढंच नव्हतं. सहाच चिंचोके उरले होते. सूट असली तरी, जिला चाळीस दिवस म्हणजे चाळीस दिवस तोंड आवरता आलं अशी मुलगी मला व्हायचं होतं. मायसारखी. ईस्टरला मी गाडगं उपडं केलं. पाळकसाहेबांनी मोठ्यानं मोजले. चाळीस. सुंदरमावशीनं कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली. कार्डावर कडेवर कोकरू घेतलेला मेंढपाळ होता. माय मला जवळ घेऊन म्हणाली, "शोभलीस." एकच शब्द.

पुढच्या शुक्रवारी चाकूरकडून माणूस आला. विहिरीवर पाय घसरला म्हणाला.

मी आणि माय गेलो. दोनदा गाडी बदलावी लागायची, परभणीला आणि परळीला. डब्यात एक म्हातारे मौलवी होते, त्यांनी मायचं तोंड बघून विचारलं नाही काही, नुसतं म्हणाले, "सब्र, बेटी." माय म्हणाली, "हाव." परळीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. एवढे दगड, एवढं माळरान, आणि कुठं कुठं पळस.

दाजींचं घर स्वच्छ होतं. सारवलेलं, एक काडी इकडची तिकडं नाही. प्रार्थनेच्या कोपऱ्यात खुर्ची, खुर्चीपुढं घडी घातलेलं पोतं, आणि पोत्यावर परडीत चिंचोके. वापरून वापरून गुळगुळीत झालेले, चकाकत होते. मायला बसायला जागा पाहिजे होती. तिनं ती परडी पायानं हळूच बाजूला सारली आणि त्याच पोत्यावर बसली. तिला काय ठाऊक? मला ठाऊक होतं. मी उभीच राहिले.

दाजी म्हणाले, "माय, देवाची मर्जी. आपून मन आवरलं पाहिजे."

मायनं मान हलवली. "व्हय," म्हणाली. दोघं आवरलेली माणसं समोरासमोर बसली होती, आणि बाहेर शेजारणी हुंदके देत होत्या.

त्यानंतर मी बोलायला लागले. आजतागायत थांबले नाही. रझाकारांचे दिवस आले, पळापळ झाली, राज्य गेलं, तिरंगा लागला, माझं लग्न झालं, नांदेडला आले, लेकरं झाली. सगळं मी बोलून बोलून काढलं. कुणाच्या घरात सून गप्प दिसली की मी जाऊन बसते आणि विचारते. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसते म्हणून शिव्या खाल्ल्यात मी. खाल्ल्या तर खाल्ल्या. सगळ्यांचं सगळं बोलले. हे एक सोडून.

माय म्हातारपणी माझ्याकडंच होती. दिसत नव्हतं, मिश्री मात्र लागायची, मीच लावून द्यायची. एके दिवशी दुपारी, असाच चैत्र, ती आपली आपणच म्हणाली, "राहेलनं मला एका शब्दानं सांगितलं असतं, रुते, तर म्या तिला उंबरा वलांडू दिला नसता. मिशननं काढलं असतं तरी बेहत्तर. न्हाई सांगितलं तिनं. एवढी परकी होते का ग म्या?"

माझ्या हातात मिश्रीची डबी होती. चाळीस वर्षं झाली होती. कुठला नेम नव्हता, कुठलं गाडगं नव्हतं. मी म्हणू शकत होते, माय, तिनं सांगितलं होतं. तुला परकी समजली नव्हती. माझ्या हाती निरोप दिला होता, मी पोचवला नाही. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणलं, "तोंड उघड माय, मिश्री लावते." आणि ती त्या पावसाळ्यात गेली, लेकीनं आपल्याला परकं मानलं हे घेऊन गेली.

पहिलं गप्प बसणं मी देवासाठी केलं असं म्हणता येईल, मी लहान होते. दुसरं कुणासाठी?

अजून मी गुडघे टेकते. आता टेकवत नाहीत, खुर्चीवर बसूनच मान खाली घालते. क्षमा माग म्हणतात. कुणाला मागू? ज्याच्या नावानं गप्प बसले त्याला मागायला तोंड होत नाही, आणि जिची मागायची ती नाही. पाळकसाहेबांची वेसणीची गोष्ट खोटी होती असं मी म्हणत नाही. भला माणूस होता. बैल मोकळा सुटला तर पेंढी तुडवतो, खरंच. पण आग लागल्यावर दावं सोडायचं असतं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही सगळी शहाणी लेकरं दावं धरून उभी राहिलो. मायनं धरलं. मी धरलं. अक्कानंही धरलंच की. तिनं एकदा सैल केलं, माझ्यापाशी.

ग्रेसला मी म्हणलं, मी काही सोडणार नाही, बाई. माझं सोडून झालंय. ती म्हणाली, "आजी, तू चीटिंग करते."

आता स्टेशनावरचं.

उमरीचं स्टेशन, त्याच दुपारची गाडी. दाजी तिकिटाच्या खिडकीपाशी. माय जरा पलीकडं, ओळखीच्या एका बाईच्या आजारी पोराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होती, दहा पावलांवर असेल. अक्कानं मला गाठोड्याच्या आडोशाला घेतलं. हात गार होते तिचे, त्या उन्हात.

"रुते," म्हणाली, "तू मायला काई बोललीस का ग? म्या सांगितलं त्ये?"

मी ताठ उभी राहिले. ह्या क्षणाची मी सोमवारपासून वाट बघत होते.

"न्हाई अक्का. एक अक्षर न्हाई. कुणाला बी न्हाई."

ती माझ्याकडं बघत राहिली.  गाडीनं शिटी दिली तेव्हा तिची पापणी हलली. तिनं माझ्या गालावर हात ठेवला, बोटांना अजून चिंचेचा वास होता.

"लई शहाणी झालीस ग," म्हणाली.

दाजी आले. तिनं पदर सारखा केला, मायच्या पाया पडली, आणि गाडीत चढली. मायनं तिला सांगितलं, "नीट ऱ्हा." गाडी वळणाआड जाईपर्यंत मी हात हलवत होते.

संध्याकाळी प्रार्थना झाली. माय माझ्याकडं बघत होती. मी चौतिसावा चिंचोका घेतला आणि गाडग्यात टाकला.